खाटउलट्या वाजिद

आमची ही जाऊन दोन महिने झाले. थोरली लेक म्हणते, आण्णा, आईवर काहीतरी लिहून ठेवा, पोरं वाचतील. मी दोनदा बसलो. सगुणा एवढं नाव लिहिलं की पुढं हात चालत नाही. घरात तिची चूल आहे, तिचं जातं आहे, भिंतीला तिच्या बोटांचे शेणाचे फराटे आहेत, आणि मी एकटा भाकरी करपवत बसलेलो आहे. अशा माणसानं तिच्यावर काय लिहावं. म्हणून तिच्यावर लिहीत नाही. ज्यानं तिला जगवलं त्याच्यावर लिहितो, आणि ज्यानं तिला भर चावडीत खोटी पाडली त्याच्यावर लिहितो. माणूस एकच होता. जगवलं म्हणून त्याचे पाय धरायचे होते आणि खोटी पाडली म्हणून त्याला जोड्यानं हाणायचा होता. दोन्ही राहून गेलं.

मला शाळा नाही. निजामाच्या राज्यात आमच्या गावाला शाळाच नव्हती. अक्षरं मोठेपणी खंडोबाच्या पुजाऱ्याकडून शिकलो. तेव्हा चुकलं तर चुकलं.

मानमोडीच्या साथीचं साल. ज्यांनी ती बघितली नाही त्यांना सांगून कळायची नाही. सकाळी माणूस औत घेऊन जायचा, दुपारी मान धरून बांधावर बसायचा आणि त्याला उचलूनच घरी आणावं लागायचं. ताप, खोकला, तोंडाला रक्ताचा फेस, मग ओठ निळे. ओठ निळे झाले की संपलं. पाऊस धड पडला नव्हता, त्यात जी काही बाजरी आली ती रानात उभी वाळली, कारण काढायला माणूस नव्हतं. म्हातारी राहिली आणि तरणी गेली. गरवार बायका तर एकामागून एक गेल्या.

चौसाळ्याच्या सडकेला मुसाफरांसाठी बांधलेली एक जुनी सराई होती. तिथं सरकारनं खाटा टाकून दवाखाना मांडला. डाक्टर काही आला नाही. आली ती हैदराबादेहून डाक्टरी शिकणारी चार पोरं. अजून शिकतच होती. कुणी धाडलं नव्हतं, आपण होऊन आलो म्हणायची. सराईचा शिपाई सांगायचा, "आपण हून आल्याती. येडी हायेत, दुसरं काय." आठवडा व्हायच्या आत त्यातली दोघं रातोरात पळाली. राहिले दोघं. वाजिद आणि नरहर. वाजिद हैदराबादचा मुसलमान, नरहर औरंगाबादचा ब्राह्मण.

मला त्याच शिपायानं वेठीला धरलं होतं. गाडी माझी, बैल माझे, पोटाला ज्यानं त्यानं बघायचं. गावोगावची आजारी माणसं सराईत आणायची आणि परत जाताना मढी न्यायची. म्हणून ह्या वाजिदला मी रोज बघितला. दारातून बघितला, आत नाही. आजाऱ्याच्या माणसांना आत यायची बंदी होती, आणि मी माणसांत मोडत होतो का गाडीत हे मला अजून ठाऊक नाही.

वाजिद म्हणजे लांबडं, वाळकं पोरगं. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली काळी शेरवानी, उन्हातसुद्धा. पुढं कळलं, आत सदरा नव्हता. होता तो फाडून त्यानं मढ्यांच्या हनुवट्या बांधायला पट्ट्या केल्या होत्या. खिशात फुटाणे. माणूस मरत असू दे, ओकत असू दे, ह्याच्या तोंडात फुटाणे चालू. हात मात्र इतके धुवायचा की बोटांना भेगा पडून रक्त यायचं. त्याच बोटांनी फुटाणे खायचा. बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जावी. कण्हणाऱ्याला म्हणायचा, "गाना बंद कर बे." मरणाऱ्याला म्हणायचा, "जल्दी कर, पीछे लोग खड़े हैं." एकदा एक माळी मुलगा जगल्याबद्दल त्याच्या पायावर पडला, तर ह्यानं पाय मागं घेतला आणि म्हणाला, "मेरे जूते में क्या ढूँढता है?"

आणि असला हा माणूस बैलांना भ्यायचा. मढी मोजून द्यायला गाडीपाशी यावंच लागायचं, तर लांबून वळसा घालून मागच्या बाजूनं यायचा. माझा पवळ्या बैल गरीब, त्यानं नुसता कान हलवला तरी हा उडी मारून मागं. मी म्हणायचो, "साहेब, मारत न्हाई त्यो." तो म्हणायचा, "उसने तेरेकू बोल्या क्या?"

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं पाण्यावरच झालं.

आमच्याकडं तापाच्या माणसाला पाणी देत नाहीत. लंघन करायचं. पाणी दिलं की ताप डोक्यात जातो, असं सगळ्या म्हाताऱ्या सांगायच्या. माझी आईसुद्धा. जीभ लाकडासारखी झाली तरी ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, बस. वाजिद आणि नरहरचं म्हणणं उलटं. औषध होतं ते एका बाटलीतलं कडू पाणी, तेही लवकरच संपलं. मग नुसतं पाणी आणि पेज उरली. ती पाजायची नरहरनं. नरहर गोल तोंडाचा, मवाळ. "आजी, एवढा घोट घ्या, माझ्यासाठी घ्या," असं करत पाजायचा. ब्राह्मणाचा हात म्हणून लोक कुरकुरत का होईना प्यायचे. वाजिद नाडी बघायचा, गू-मूत काढायचा, मढी उचलायचा. पाण्याच्या रांजणाला तो हात लावत नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळत होतं.

मग नरहर पडला.

त्या दिवशी मी नांदूरघाटाकडून गाडी भरून आलो होतो. नरहर दारापासच्या खाटेवर होता. वाजिद त्याला लोट्यानं पाजत होता आणि नरहर पीत होता, जानव्यासकट. सारखा दोन दिवस पाजत होता म्हणे. पण पाणी बाहेर यायला लागलं होतं आणि ओठ निळे पडले होते. माझ्या गाडीत एक कुंभारीण होती, ताजा ताप, अजून शुद्धीवर. खाट एकही रिकामी नव्हती. वाजिदनं गाडीत बघितलं, मग नरहरकडं बघितलं. नखं बघितली. मग खाटेच्या पायथ्याशी चटई टाकली आणि खाटेचे डोक्याकडचे दोन पाय उचलले. नरहर हळूहळू घसरत चटईवर आला.

नरहर म्हणाला, "वाजिद, थोडा वेळ रे."

हा म्हणाला, "तेरा हो गया. किसी का शुरू है."

कुंभारणीला त्या खाटेवर टाकलं. नरहरला दोघा भंग्यांनी चटईसकट सराईबाहेरच्या लिंबाखाली नेलं. वाजिद त्याच्यामागं गेला नाही. नरहर संध्याकाळच्या आत गेला. लाकडं मी आणली. वाजिद लांब उभा राहून फुटाणे खात होता. मला इतका राग आला की वाटलं, ह्याला बी सरणावर टाकावं. मग बघितलं, फुटाणे तोंडात टाकत होता पण चावत नव्हता. गाल फुगलेला होता नुसता.

दुसऱ्या दिवसापासून पाणी पाजायला वाजिदचा हात सोडून दुसरा हात नव्हता. शिपाई आत पाऊल टाकत नव्हता. भंग्याच्या हातचं तर कुणी विचारायलाच नको. वाजिद लोटा घेऊन पहिल्या खाटेपाशी गेला. एक म्हातारा वाणी होता. त्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्यानं दात आवळले. तिसऱ्यानं तोंडात घेऊन ह्याच्याच शेरवानीवर थुंकलं. सगळी रांग फिरून लोटा भरलेलाच परत आला. त्या दिवशी मी मढी नेली ती सगळी तहानेनं गेलेली होती. जिभा बाहेर.

मग त्यानं कायदा काढला. खाटेपाशी उभं राहायचं आणि विचारायचं, "पीता कि उतरता?" प्याला तर खाट त्याची. नाही प्याला तर चटई टाकायची, डोक्याकडचे पाय उचलायचे आणि दारात गाडीत जो कोण वाट बघत असेल त्याला आत घ्यायचा. वाण्याला उतरवला. थुंकणाऱ्याला उतरवला. आरडाओरड झाली, शिव्याशाप झाले. तो म्हणायचा, "ये खाट पीनेवालों की है. धरम बाहर भी है, हवा अच्छी है." खाली उतरलेली काही बाहेर मेली, काहींनी रांगत परत येऊन पाणी मागितलं. पंचक्रोशीत त्याचं नाव पडलं खाटउलट्या. आया लेकरांना म्हणायच्या, गप नीज, न्हाईतर खाटउलट्या यील.

आमच्या गावच्या गढीवाल्या देशमुखांची आई माझ्याच गाडीतून सराईत गेली. गढीतली सगळी माणसं पडली होती, नोकर पळाले होते, देशमुख स्वतः तापात. म्हातारी बरोबर स्वतःची गादी घेऊन आली होती. वाजिदनं ती गादी बाजूला टाकून तिला खाट दिली. विचारलं, "माई, पीती कि उतरती?"

म्हातारी म्हणाली, "तू कोण मला इचारणारा? माज्या सासऱ्यानं तुज्यासारखे दारात उभे केले न्हाईत."

"सासरा किधर है?"

"मेला."

"तो उसको जाके बोल," म्हणून त्यानं चटई टाकली.

तरी तिला त्यानं दोनदा विचारलं होतं, दुसऱ्या कुणाला दोनदा विचारत नव्हता. तिनं दोन्ही वेळा मान फिरवली. ती ओसरीवर आपल्या गादीवर मेली. ओठांना चिरा पडल्या होत्या आणि तिच्यापासून हातभर लांब पाण्याचा लोटा भरून ठेवलेला होता. तिला परत मीच नेली. मी हे बरं केलं म्हणत नाही. वाईट केलं असंही म्हणत नाही. ती खाट एका धनगराच्या बाईला मिळाली, ती जगली.

आणि तहसीलदार साहेबांचं. त्यांचा तळ सडकेलाच पडला होता. साहेबांच्या पोराला सर्दी झाली म्हणून त्यांचा शिपाई वाजिदला बोलवायला आला. वाजिदनं निरोप धाडला, "बच्चे को इधर लाव. कोई मरा तो खाट मिलेगी." शिपायानं हा निरोप गुळमुळीत करून सांगायला पाहिजे होता. त्यानं जसाच्या तसा सांगितला.

मग आमची सगुणा पडली. लग्नाला वरीस झालं नव्हतं. मी तिला गाडीत घालून आणली. आईनं दारातून बजावलं, काय बी कर पण पाणी देऊ नको. मी दिलं नाही. सराईत तिला उतरवली आणि शिपायानं माझ्या बैलाची शेपटी पिरगाळून मला पुढच्या गावाला हाकलला. पुढचं मी बघितलेलं नाही. ते तिनं मला पुढं शंभरदा सांगितलं.

वाजिदनं विचारलं, "पीती कि उतरती?"

ही म्हणाली, "तुज्या हातचं पिऊन मी जाऊ कुठं?"

तो म्हणाला, "घर."

हिला हसूच आलं म्हणे, तापात. मग त्यानं खाटेचे पाय उचलले. ही घसरायला लागली तशी हिनं सुंभ घट्ट धरलं आणि शिव्या दिल्या, त्याच्या आईबापापासून सुरुवात करून. तो पाय उचलून धरून उभा. म्हणाला, "मेरे हाथ दुखते हैं. जल्दी बोल." मग ही प्याली. दोन तांबे. प्रत्येक घोटाला एक शिवी. मी परत आलो तेव्हा ही डोळे मिटून पडली होती आणि ओठ लाल होते.

मानमोडी ओसरली. सराई रिकामी झाली. वाजिद हैदराबादेला परत निघणार, तेवढ्यात देशमुखांनी अर्जी केली. ह्या पोरानं कुणाला औषध दिलं नाही, पाणी दिलं नाही, खाटा उलट्या करून माणसं मारली, माझी आई मारली. चौकशीला आले तेच तहसीलदार साहेब. आमच्या गावच्या चावडीत बसले, देशमुखांच्या गढीवर जेवून. अर्जी खरी ठरली तर वाजिदचं नाव डाक्टरी शाळेतून कमी होणार होतं. आणि अर्जी खोटी पडायला लई काही लागत नव्हतं. जगलेल्यांतल्या एकानं म्हणायला पाहिजे होतं की मी ह्याच्या हातचं पाणी प्यालो आणि जगलो.

पण आदल्या दिवशी जातीच्या पंचांनी दवंडी दिली होती. ज्यानं कुणी त्या मुसलमानाच्या हातचं पाणी पिलं असंल त्यानं गोमूत्र घ्यावं आणि सगळ्या जातीला जेवण द्यावं. नाहीतर वाळीत. त्या साली स्वतःला खायला नव्हतं, जातीला कोण घालणार.

चावडीपुढं जगलेली सगळी बसवली होती. वाजिद खांबाला टेकून उभा. साहेबांनी विचारलं, "इनमें से किसको पानी पिलाया तूने?"

तो म्हणाला, "जो बैठे हैं उनको. जिन्होंने नहीं पिया वो नहीं बैठे."

मी पुढं होऊन सांगितलं की मी दारातून बघितलं आहे, ह्यानं लोकांना पाजलं. देशमुख म्हणाले, "ह्यो त्याचा गाडीवान हाय. ह्याचं काय धरता?" साहेब म्हणाले, बघणाऱ्याचं नको, पिणाऱ्याचं पाहिजे. मग एकेकाला उठवलं. एक म्हणाला, मी न्हाई पिलो, देवीच्या अंगाऱ्यानं उठलो. दुसरा तेच. धनगराची बाई तेच. कुंभारीण, जिच्यासाठी नरहर खाली उतरला, ती म्हणाली, "अंगाऱ्यावर जगले साहेब, एक थेंब न्हाई घेतला." वाजिद तिला म्हणाला, "तेरा अंगारा बहुत गीला था." लोक खाली बघत होते. हा फुटाणे खात होता.

तेव्हा ही उठली.  मला विचारलं नाही, माझ्या आईकडं बघितलं नाही.

"साहेब, मी पिले. ह्याच्याच हातचं. दोन तांबे पिले म्हणून हितं उभी हाय."

 माझ्या आईनं कपाळावर हात मारला त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साहेबांनी टाक उचलला. आता लिहावंच लागणार होतं. देशमुख म्हणाले, "कुणाची गं तू?"

वाजिदनं तिच्याकडं बघितलं. मग पंचांकडं बघितलं. मग मोठ्यानं हसला.

"ये? ये झूठ बोलती साब. बेहोश पड़ी थी. दाँत बैठे थे. एक बूँद अंदर नहीं गई. बुखार में इसका भेजा गया."

ही म्हणाली, "आरं, पिले की मी. तूच पाजलंस की."

"चुप बैठ. झूठी."

पहिल्यांदा पंच हसले, मग देशमुख, मग सगळी चावडी. माणसं किती दिवसांनी हसत होती, त्यांना थांबवेना. साहेबांनी टाक ठेवून दिला. ही तशीच उभी होती, तोंड उघडं.

वाजिदला बीडपर्यंत सोडायला माझीच गाडी धरली. तो बैलांपासून जितकं लांब बसता येईल तितकं मागं बसला होता, पाय खाली सोडून. मी विचारलं, "कावून केलं असं?"

"उसको उधर रहना है. मैं तो जाताय."

"पर तुमचं नाव कापत्याल."

"कटने दे. वैसे भी तेरी औरत गाली बहुत देती." 

हे मी हिला येऊन सांगितलं. मला वाटलं, निवंल. ही म्हणाली, "त्यानं मला इचारलं का? मी काय कुकुलं बाळ होते? मी घर, गाव, जात सगळं पणाला लावून एक शबूद बोलले, आन त्यो ह्यानं माज्या तोंडातनं काडून फेकला."

तिचं नाव पडलं खोटी. खोटी सगुणा. आडावर गेली की बाया म्हणायच्या, "काय खोटे, आज किती तांबे?" ज्या बाया स्वतः त्याच लोट्यानं प्यालेल्या होत्या त्याच जास्त म्हणायच्या. पोरंसोरं मागं ओरडायची. तिनं बाजारात भाव सांगितला तरी लोक हसायचे. जावेशी भांडण झालं तर जाऊ म्हणायची, हिचं काय ऐकता. पहिल्यांदा ही भांडायची, मग बोलायचीच बंद झाली. एकदा मला म्हणाली, "वाळीत टाकलं असतं तर माणसं बोलली नसती. आता बोलत्यात. ह्ये जास्त वंगाळ हाय."

काही वर्षं गेली. आम्हाला थोरली लेक झाली, चालायला लागली. तेव्हा एके दिवशी तट्टावर पत्र्याची पेटी बांधून देवी काढणारा गावात आला. बाया पोरं लपवायला पळाल्या. मी चावडीपाशी गेलो तर वाजिद. नाव कापल्यावर हे काम मिळालं होतं. गावोगाव हिंडायचं, पोरांच्या दंडाला देवीची लस टोचायची, लोकांचे दगड खायचे. पुढचे दोन दात गेले होते. माळवदावर देशमुखांच्या नातवाला कणगीत लपवलेलं त्यानं हुडकलं आणि तंगडी धरून बाहेर ओढलं. पोराच्या केसांत ज्वारी. आई शिव्या देते, हा टोचतो. "रो मत बे, मैं भी रोया था," एवढंच.

मी घरी जाऊन हिला सांगितलं. ही भाकरी तव्यावर टाकून उठली. लेकीला काखेला मारलं आणि चावडीपुढं येऊन त्याच्यासमोर बसली. ज्याच्यापासून बाया पोरं लपवत होत्या त्या माणसापुढं आपण होऊन लेकरू घेऊन बसणारी ही एकटीच. लेकीचा दंड उघडा करून पुढं धरला. त्यानं टोचलं. लेक किंचाळली.

ही म्हणाली, "वळखलंस का?"

"नहीं."

"खोटी मी."

त्याचा हात थांबला. ओट्यावर देशमुख बसले होते, पंच होते, निम्मं गाव तमाशा बघायला जमलेलं होतं.

"तुज्यामुळं ह्या गावात मला खोटी म्हणत्यात," ही म्हणाली. "आता सांग ह्यांच्यादेखत. मी पिले का न्हाई?"

"तेरेकू इधर रहना है."

"ते माजं मी बघन. तू निस्तं खरं बोल."

तो लई वेळ सुई पुसत बसला. ओट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी काही मान हलवली नाही, तिचं तिला ठाऊक होतं. मग तो उभा राहिला आणि चावडीकडं तोंड करून म्हणाला, "पी थी. दो लोटे. मेरे हाथ से. और मेरे सात पुश्तों को गाली दी."

"ते बी खरं हाय," ही म्हणाली.

त्या दिवसापासून आम्ही वाळीत. न्हाव्यानं यायचं बंद केलं, सुतारानं औत भरायचं बंद केलं, चुलीला विस्तू कुणी देईना. माझी आई थोरल्या भावाकडं राहायला गेली ती आमच्या घरी परत जेवली नाही. लेकीचं लग्न लांबच्या मुलखात करावं लागलं. दुसरं बाळ बाळंतपणात गेलं, सुईण आली नाही म्हणून. हे सगळं झालं. पुढं पंच मेले, त्यांची पोरं आता माझ्या घरी येऊन चहा पितात आणि त्यांना हे काही ठाऊक नाही. पण हिला त्यानंतर कुणी खोटी म्हणालं नाही. एकानंही नाही. कुणी बोलतच नव्हतं, पण जे मनात म्हणत असतील तेसुद्धा खोटी म्हणत नसतील.

त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. चावडीतून आम्ही आडावर गेलो तर देशमुखांचा गडी आधीच पोचला होता. सकाळी आडावर ठेवून आलेली हिची घागर त्यानं फोडून टाकली होती आणि आडाच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा होता. ही खापऱ्यांपाशी उभी राहिली. लेक काखेत रडून रडून दमली होती. तेवढ्यात वाजिद तट्टावरून त्याच वाटेनं आला. मागून कुणीतरी त्याला शेण मारलं होतं, पाठीवर तसंच होतं. खापऱ्या बघून त्यानं तट्टू थांबवलं.

"देखा? मैं बोल्या था."

"बोल्लास."

"अब मरेगी तू इधर."

"मरंन की," ही म्हणाली. "पर तुज्या आदी न्हाई."

त्यानं तट्टाला टाच मारली. चौसाळ्याकडची वाट आमच्या आडापासून लांबवर दिसते, एक टेकाड आहे तिथवर. पत्र्याची पेटी खडखडत गेली. मी लेकीला घेतलं आणि हिला म्हणालो, चल घरी, गडी बघतोय.

ही म्हणाली, "थांबा. त्यो दिसतोय अजून."